चौथा आवाज

घाटनांदूरच्या बाजारात पिठाच्या गिरणीला लागून एक अरुंद दुकान आहे. त्याच्यावर आता 'शिलाई मशीन दुरुस्ती' असा हिरवा बोर्ड आहे. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी लातूरहून घरी येताना मी मुद्दाम त्या गल्लीतून आले. खरं तर आमच्या वस्तीकडे जायला दुसरा रस्ता जवळचा. पण पाय तिकडं वळले, असं म्हणून मला सुटायचं नाही. मी ठरवून आले होते. तीन वर्षं ठरवत होते.

दुकान उघडं होतं, आत कुणी नव्हतं. गिरणीवाल्या मावशींनी पिठाळ हातानं ओटा दाखवला. "बस की. आफरीन घरला गेलीय, येईल आता."

मी ओट्यावर बसले आणि आतला वास घेतला. मशीनच्या तेलाचा पातळ, गोडसर वास. पूर्वी इथं असा वास नव्हता. पूर्वी इथं रॉकेल असायचं, जवसाचं तेल असायचं, आणि त्या दोन्हींच्या खाली कच्च्या लोकरीचा उग्र वास. तो लोकरीचा वास आमच्या घरचा होता. माझे वडील, म्हणजे दादा, मेंढरं राखतात. कातरणी झाली की ते पिशवीभर लोकर या दुकानात आणून द्यायचे. लोखंडाला तेल लावायला लोकरीसारखं दुसरं काही नाही, असं चाचांचं म्हणणं होतं.

चाचा म्हणजे आफरीनचे अब्बा. शिकलगार. कुलपं, कात्र्या, अडकित्ते सगळं दुरुस्त करत, पण त्यांचं खरं काम बंदुकांचं. त्याचं लायसन भिंतीवर काचेत लावलेलं होतं आणि रोज सकाळी चाचा आधी ती काच पुसत, मग गल्ला. आफरीन आणि मी अकरावीला एका बाकावर बसायचो. कॉलेज सुटलं की ती दुकानात जायची, आणि तिच्या मागं मी.

दसरा जवळ आला की त्या दुकानाचा खरा हंगाम सुरू व्हायचा. खंडेनवमीला शस्त्रं पुजायची, म्हणून वर्षभर खुंटीला टांगलेल्या बंदुका आठ दिवस आधी इथं यायच्या. ज्वारीच्या राखणीच्या जुन्या ठासणीच्या, बँकेच्या दारावर उभं राहणाऱ्यांच्या दोन नळ्यांच्या, आणि मोजक्या रायफली. कुणी पोत्यात गुंडाळून आणायचं, कुणी लुगड्यात. भिंतीला लावलेल्या लाकडी घोडीवर त्या ओळीनं उभ्या राहायच्या आणि बाहेर झेंडूच्या पाट्या उतरायच्या. झेंडू आणि रॉकेल. हे दोन वास एकत्र आले की माझ्यासाठी अजून दसरा येतो, पण आता ते कुठंच एकत्र येत नाहीत.

चाचांचा पहिला नियम असा, की कुठलीही बंदूक हातात घेतली की आधी उघडून उजेडाकडं धरायची, रिकामी असल्याचं स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं. मालकानं शपथ घेतली तरी. "माणूस इमानदार असतो, बेटा," चाचा म्हणायचे. "पण इसरतो."

रायफलीच्या बोल्टला, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणाऱ्या सरकत्या दांड्याला, चार आवाज असतात. मूठ वर केली की एक, मागं ओढली की दुसरा, पुढं ढकलली की तिसरा, आणि खाली दाबली की चौथा. टक, सर्र, सर्र, टक. चाचा ते एखाद्या बाजाच्या पट्ट्या दाबाव्यात तसे काढायचे. मला तिसऱ्यापर्यंतच यायचं. मूठ शेवटपर्यंत खाली दाबायला माझा हात धजत नसे. मी ती अर्धवट वर ठेवून द्यायची.

"कावून भेतीस?" आफरीन हसायची. "रिकामी हाय ती. खाणार न्हाई तुला."

"ठाव हाय मला."

"मग दाब की!"

मी दाबत नसे. मग तीच येऊन दोन बोटांनी ती मूठ खाली करायची. टक. माझा चौथा आवाज नेहमी तिनंच काढला.

नळी, लाकूड आणि बोल्ट हे तिन्ही ज्या लोखंडी घरात येऊन मिळतात त्याला चाचा 'बाडी' म्हणायचे. पुढं लातूरला ग्रंथालयात एका पुस्तकात मला त्याचं 'रिसिव्हर' हे नाव सापडलं, तेव्हा कुणीतरी घरच्या माणसाचं रेशनकार्डावरचं नाव वाचून दाखवावं तसं वाटलं. चाचा सांगायचे, की लाकूड बदलता येतं, नळीसुद्धा बदलता येते, पण बाडी बदलली की ती बंदूकच दुसरी झाली. म्हणून नंबर बाडीवर असतो. आणि तोच नंबर बोल्टच्या मुठीच्या मागं असतो, कारण बोल्ट त्या एका बाडीत घासून बसवलेला असतो.

आमच्या भागात आलेल्या बहुतेक रायफली एकाच कारखान्याच्या. मला आधी सगळ्या सारख्याच दिसायच्या. मग चाचांनी शिकवलं. सगळ्यात जुन्या बाडीवर मुकुटाचा शिक्का, नंतरच्यांवर सिंह. जुन्या बाडीच्या उजव्या अंगाला एक अरुंद आडवी फट असते, नवीला ती ठेवलेली नाही. काहींच्या पाठीवर लोखंडाची छोटी कमान आहे, काहींची कमान घासून काढलेली, तिथं फक्त एक गुळगुळीत खूण राहिलेली, दात पडल्यावर हिरडी राहते तशी. मी हे सगळं दोनशे पानी वहीत लिहिलं. आकृत्या काढल्या. समासात तारखा टाकल्या. आमच्या घरात माझ्याआधी कुणी वही भरलेली नव्हती. त्यामुळे वहीत लिहिलं की ते आपल्याला आलं, असं मला प्रामाणिकपणे वाटायचं.

आफरीनकडं वही नव्हती. तिच्याकडं हात होता.

मी तिचा किती हेवा केला ते मला नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. ती बोल्ट ओढायची आणि मान थोडी डावीकडं झुकवायची, आणि तिला कळायचं. शिक्का न बघता, फट न बघता. दोन रायफली तर अशा होत्या की माझ्या वहीतला एकही फरक त्यांना लागू नव्हता. एक तेलगावच्या नानांची. नानांचा ऊस मोठा आणि आवाज त्याहून मोठा. दुसरी चकलांब्याच्या एका निवृत्त फौजीची, जे बंदूक ठेवून जाताना तिच्या लाकडावरून एकदा हात फिरवायचे. दोन्ही एकाच कारखान्याच्या, दोन्हींवर सिंह, दोन्हींना फट नाही, दोन्हींची कमान घासलेली. फरक फक्त नंबरात.

चाचा आफरीनची ओढणी घेऊन तिच्याच डोळ्यांना बांधायचे. एक रायफल पुढ्यात ठेवायचे. ती बोल्ट एकदा मागं-पुढं करायची.

"फौजीकाकांची."

"कशावरनं?"

"ही शेवटाला आवंढा गिळती, अब्बा. नानांची न्हाई गिळत."

चाचा नुसता तिच्या डोक्यावर तेलकट हात ठेवायचे. तिचे केस खराब व्हायचे आणि ती ओरडायची, "अब्बा, नक्को!" मला आठवतं, मी तेव्हा तो हात बघायची. पाची बोटं. नखांत काळं तेल. तो हात दोन-तीन श्वास तिथंच राहायचा.

मग ओढणी माझ्या डोळ्यांना. मी बोल्ट ओढायची, सरकवायची, ऐकायची. मला लोखंडाचा आवाज यायचा, दुसरं काहीच नाही. मी अंदाजानं एक नाव घ्यायची आणि हमखास चुकायची.

"काई हरकत न्हाई, बेटा," चाचा म्हणायचे. "तू लिहून ठेव."

ते चांगल्या मनानं म्हणायचे. तरी ते वाक्य मला कुसळासारखं लागायचं.

बाजाराच्या दिवशी दादा येऊन याच ओट्यावर बसायचे. घोंगडं मांडीवर, काठी भिंतीला. चाचा त्यांना चहा द्यायचे आणि विचारायचे, "काय हो, एवढ्या मेंढरांतनं आपलं कोणतं अन् भावकीचं कोणतं, कसं कळतं?"

"तोंडावरनं," दादा म्हणायचे. त्यांना तो प्रश्नच कळायचा नाही. "माणसं न्हाई का वळखत आपन?"

"बघ बेटा," चाचा माझ्याकडं वळायचे. "हीच इद्या हाय. तुझ्या रगतात हाय."

नव्हती. मला मेंढ्यासुद्धा सारख्याच दिसत. लहानपणी दादांनी दोन-तीनदा शिकवून पाहिलं आणि मग हसून सोडून दिलं, "तू आपली शाळा शिक." मी बापाचा डोळा घेऊन जन्मले नाही, आणि चाचांचा हात काही मला मिळणार नव्हता. आफरीनला मात्र सगळं न मागता मिळालेलं. एवढ्या मोठ्या तालुक्यात लेकीला शेजारी बसवून बंदूक शिकवणारा बाप एकच होता, आणि तो तिचा होता. लोक चाचांना टोकायचे. नाना तर तोंडावर म्हणायचे, "मिस्त्री, पोरीच्या जातीला हे हत्यार कशाला?" चाचा म्हणायचे, "हत्याराला जात कळत न्हाई, नाना. त्याला हात कळतो." मी कोपऱ्यात ते ऐकायची, आणि मला आफरीनसाठी आनंद व्हायला हवा होता.

बारावीच्या वर्षीच्या खंडेनवमीची आदली दुपार. चाचा नमाजला गेले होते. नानांची आणि फौजीकाकांची, दोन्ही रायफली तपासून, तेल देऊन, मांजरपाटात गुंडाळून घोडीवर उभ्या होत्या. त्या वर्षी त्या दोन्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत आफरीननं एकटीनं केल्या होत्या. चाचांनी नुसतं बघितलं होतं, आणि संध्याकाळी सगळ्या मालकांसमोर ते सांगणार होते, की पुढच्या सालापासून रायफली माझी लेक बघेल.

आफरीन गिरणीपलीकडच्या टपरीवर चहा आणायला गेली.

मी मांजरपाट सोडलं. दोन्ही बोल्ट काढले. नानांचा फौजीकाकांच्या बाडीत घातला, फौजीकाकांचा नानांच्या. कापड होतं तसं गुंडाळलं. लोकरीच्या बोळ्यानं हात पुसले. एवढा वेळ गिरणीचा पट्टा फटफट वाजत होता.

मला कुणाचं वाईट करायचं नव्हतं, असं मी पुढं कितीतरी वेळा स्वतःला सांगितलं. माझा बेत एवढाच होता, की संध्याकाळी सगळे जमले की आपण पुढं व्हायचं आणि म्हणायचं, चाचा, जरा नंबर बघा, जुळत नाहीत. आफरीन नंबर कधी बघायची नाही, मी बघायची. मला फक्त एकदा, एकदाच, त्या तेलकट हाताखाली माझं डोकं हवं होतं.

पण नाना संध्याकाळपर्यंत थांबले नाहीत. चहा यायच्या आधीच त्यांची गाडी दारात उभी राहिली, आणि मागोमाग चाचा मशिदीतून आले.

"द्या मिस्त्री, पूजेला उशीर नको."

चाचांनी कापड सोडलं. बोल्टची मूठ थोडी वर राहिलेली होती. चाचांनी क्षणभर तिच्याकडं पाहिलं. मग त्यांनी खणातून एक पोलादी तुकडा काढला. गोळीच्या आकाराचा, पण गोळीपेक्षा केसभर लांब. प्रत्येक रायफल देताना मालकासमोर ते हा तुकडा बाडीत घालून बोल्ट लावून दाखवायचे. बोल्ट अडला पाहिजे. मूठ खाली येता कामा नये. आली, तर आत कुठंतरी केसभर ढिलाई आहे, आणि ती रायफल दुकानाबाहेर जायची नाही.

तुकडा आत गेला. टक. सर्र. सर्र.

आणि चौथा आवाज आला.

इतका हलका होता तो. चाचांनी मूठ पुन्हा वर घेतली, बोल्ट बाहेर काढला, चष्मा लावून नंबर वाचला.

"बोल्ट बदललेत," ते म्हणाले.

"म्हंजी?" नाना म्हणाले. "गोळी उडवली असती तर?"

चाचांनी नुसता स्वतःच्या डोळ्यापाशी हात नेला आणि खाली घेतला. मला तेव्हा कळलं, बार मागं फुटून उडवणाऱ्याचा डोळा गेला असता. माझ्या वहीत नंबर होते, पण नंबर कशासाठी असतात ते नव्हतं.

"ही ह्या पोरीनं केलती ना?" नानांनी आफरीनकडं बोट केलं. "मी म्हनलं नव्हतं? आता घ्या!"

"गलती माजी हाय, नाना," चाचा म्हणाले.

"न्हाई," चहाची किटली हातात घेऊन दारात उभी असलेली आफरीन म्हणाली. "अब्बांनी हातच लावला न्हाई. म्या केलं."

नाना सोडून दुकानात आम्ही तिघं होतो. चूक घ्यायला दोघं तयार होते. मी लोकरीच्या पिशवीकडं बघत राहिले.

चाचांनी दोन्ही बोल्ट आपापल्या घरी घातले, पोलादी तुकडा लावून दाखवला. या वेळी मूठ अडली. नाना बंदूक घेऊन गेले, आणि जाताना बाजारभर सांगत गेले. त्या संध्याकाळी मालक आले, झेंडू आणला, नारळ फोडला. चाचा जे सांगणार होते ते त्यांनी सांगितलं नाही. आफरीन सगळ्यांना खोबरं वाटत होती. मलाही तिनं दिलं. मोठा तुकडा दिला.

मी पुन्हा त्या दुकानात गेले नाही. अभ्यास आहे म्हणाले. पुढच्या खंडेनवमीला घोडीवर पाचच बंदुका होत्या, असं दादांनी लातूरला फोनवर सांगितलं, आणि त्याच्या पुढच्या वर्षी म्हणाले की चाचांनी लायसन परत केलं. लोकर आता कुणाला देऊ, असंही विचारलं. मी म्हटलं, मेसची घंटा झाली, ठेवते.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मोजमापाची प्रयोगशाळा असते. तिथं सरांनी माझ्या हातात एक पोलादी गेज दिलं. एक टोक भोकात गेलं पाहिजे, दुसरं जाता कामा नये. सर म्हणाले, "तुझा हात चांगला आहे गं. घरी कुणाचं वर्कशॉप आहे का?" मी नाही म्हणाले. त्या टेबलाशी माझ्या जागी कुणी बसायला हवं होतं ते मला ठाऊक होतं. तरीही सरांच्या त्या एका वाक्यानं मला दोन दिवस बरं वाटलं, हे लिहायलाच हवं.

"कवा आलीस?"

आफरीन होती. हातात पिशवी, ओढणीला बारीक सुया टोचलेल्या. तिनं मला उठू दिलं नाही, स्वतःच ओट्यावर बसली. मी चाचांचं विचारलं. "घरी हायेत. हात थरथरतो आता. मला येऊन शिकवत्यात, मशीन असं न्हाई तसं खोल. त्यांना मशीनमधलं काय कळतं? पण बोलतेत." ती हसली. अजूनही तिच्याकडं रोज येऊन चुका काढणारा बाप होता. मला पुन्हा तेच जुनं कुसळ टोचलं, आणि मी घाबरून बोलून टाकलं.

"आफरीन, ते बोल्ट म्या बदललेते."

गिरणी बंद होती. मावशी जात्याचं तोंड झाडत होत्या.

"ठाव हाय," ती म्हणाली.

"कवापासनं?"

"त्याच दिवशीपासनं. मूठ वर व्हती ना. म्या कधी वर ठेवली का? आमच्या दुकानात अर्धी मूठ ठेवणारी तू एकटीच." तिनं पिशवीतून एक काळा डबा काढला. "अब्बांनीबी वळखलं. तुकडा घालायच्या आधीच."

"मग बोलला का न्हाईत?"

"अब्बा म्हनले, पोर शिकायलीय. नानांच्या तोंडी तिचं नाव लागलं तर तिचा बाप तिला मेंढरामागं लावंल." तिनं डबा मांडीवर घेतला. "मला वाटलं, तू दुसऱ्या दिवशी येशील. लई वाट बघितली. वरीसभर बोलणार व्हते तुझ्यासंगं, भांडणार व्हते. तू आलीच न्हाईस. बोल्टाचं न्हाई वाईट वाटलं मला तेवढं."

मला माफी मागायची होती. माझ्याकडं वाक्यं तयार होती, बसमध्ये पाठ केलेली. त्यातलं एकही आठवेना. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणीही मला तिचा हेवाच वाटत होता. इतकं मोठं मन तिला कुठून मिळालं? तेही तिनं न मागता?

तिनं डबा उघडून ओट्यावर पालथा केला. शिलाई मशीनच्या बॉबिनच्या डब्या. आठ-दहा असतील, सगळ्या एकाच कंपनीच्या, सगळ्या सारख्या. मग पलीकडून एक उघडं मशीन ओढून माझ्यापुढं ठेवलं.

"ह्यातली एकच ह्याची हाय. हुडक."

"मला न्हाई येत, आफरीन. तुला ठाव हाय."

"मग बस हुडकत. मला काय घाई न्हाई."

मी एक उचलली, लावली, ती सैल होती. दुसरी आत जाईना. तिसरी, चौथी. ती ओढणीतल्या सुया काढून कागदात टोचत होती. बाहेर कुणीतरी झेंडूची पाटी उतरवली. पाचवी की सहावी आत सरकली आणि थांबली. बोटांना काहीतरी वेगळं लागलं. निदान मला तसं वाटलं. मी तिच्याकडं पाहिलं.

"तीच का?"

"मला काय इचारतीस? अर्धी ठेवू नको, सुई मोडंल. दाब."

माझं बोट त्या डबीवर होतं. तीन वर्षांपूर्वी इथंच, या ओट्यामागं दुकानात, ती दोन बोटं पुढं करून माझं काम पुरं करायची. या वेळी तिनं हात पुढं केला नाही. मांडीवर ठेवून दिला.

मी दाबली.

टक.